मूल कुठे राहील ते आम्ही ठरवत नाही

लोक म्हणतात की बाल संरक्षणवाले येतात आणि आईबापांकडून मूल उचलून नेतात. हे अजिबात पटलं नाही. मी सहा वर्षं जिल्हा बाल संरक्षण कक्षासाठी गृहभेटी केल्या. मूल कुठे राहील हे बाल कल्याण समिती ठरवते, आणि मुलाला २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) तिच्यासमोर हजर करावंच लागतं. सामाजिक तपासणीला, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती समजून घ्यायला, २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं १५ दिवस दिलेत.

त्या दिवसांत शेजारी, शाळा, अंगणवाडीताई सगळ्यांना भेटायचं. पण मुलाशी एकट्यानं बोलणं सगळ्यात महत्त्वाचं. ऊसतोड कामगारांच्या कोपीवरची नऊ वर्षांची मुलगी आईसमोर "काही नाही" एवढंच म्हणत राहिली. मग तिच्यासोबत हापशावर गेले. हंडा भरेपर्यंत तिनं सगळं सांगितलं.