स्वेटरवाल्या तिबेटी लोकांसाठी जिल्ह्याला काही निधी येतो का?

खंबाटकी_पलीकडचा:
राम राम मंडळी. दिवाळी झाली की साताऱ्यात तिबेटी स्वेटरवाले येतात, त्यातल्या एक मावशी आमच्या दुकानाशेजारीच बसतात, आता आमचा चहा आणि त्यांची कानटोपी हे ठरलेलंच. पोरीला बारावीनंतर नर्सिंग करायचंय, फी काय झेपत नाही, लुधियानाहून माल उधारीवर आणायचा आणि संक्रांतीपर्यंत विकून व्यापाऱ्याला फेडायचा असला सगळा हिशोब. सरकार निर्वासितांसाठी पैसे देतं म्हणतात, मग अर्ज समाजकल्याणला टाकू का कलेक्टर ऑफिसला?

कृष्णाकाठ_सांगली:
उगा हेलपाटे घालू नका, तो पैसा जिल्ह्याकडं येतच नाही. केंद्र 2015 पासून वर्षाला 8 कोटी देतंय पण ते हिमाचलातल्या धरमशाळेच्या सेंट्रल तिबेटन रिलीफ कमिटीला, म्हणजे तिबेटींच्याच मदत समितीला, तिथनं तिबेटी निर्वासितांच्या वसाहतींच्या ऑफिसांना, त्यात ऑफिसचा खर्च आणि उरलं तर थोडंफार मदतीचं काम. महाराष्ट्रात वसाहत एकच, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला. मावशींची वसाहत कुठली ते आधी विचारा, अर्ज तिथल्या सेटलमेंट ऑफिसरकडनंच. स्कॉलरशिप धरमशाळेच्या तिबेटी प्रशासनाचं शिक्षण खातं देतं.

पाटणचा_पाव्हणा:
भारीच की! बाहेरच्यांना 8 कोटी, आन आमच्या कोयनेच्या धरणग्रस्तांची पोरं अजून सातबाऱ्यासाठी फिरत्यात.

कृष्णाकाठ_सांगली:
पाव्हणं, ते 8 कोटी अख्ख्या देशातल्या वसाहतींना मिळून हायत, एवढ्यात आपल्याकडं धड एक रस्ता होत नाही. तुमचं दुखणं खरंय, पण ते ह्यांनी नेलेलं नाही. तामिळनाडूत बघा, छावणीतल्या लंकेच्या तमिळांना राज्य सरकारच महिन्याला पैसे देतं, 2021 ला वाढवून कुटुंबप्रमुखाला 1500 केले. तिबेटींसाठी केंद्राचं 2014 चं धोरण आहे, रेशन, रोजगार हमी, आरोग्य योजना द्या म्हणून, पण द्यायचं का नाही ते राज्यावर सोडलंय, म्हणजे झालंच.

कराडची_वकीलबाई:
एक विचारते, मावशींचा जन्म भारतातला का? 26 जानेवारी 1950 नंतर आणि 1 जुलै 1987 च्या आधी इथं जन्मलेला माणूस कायद्याने जन्मानेच भारतीय. तसं असेल तर मुलीचंही बघता येईल, वडिलांची कागदं काय आहेत त्यावर. पण नागरिक म्हणून पासपोर्ट काढायचा तर आरसीचं पुस्तक, म्हणजे तिबेटींना परदेशी म्हणून मिळणारा नोंदणी दाखला, जमा करावं लागतं, वसाहतीतल्या सवलतीही सुटतात. तेव्हा घाईनं काही लिहून देऊ नका त्यांना.

खंबाटकी_पलीकडचा:
मावशी कर्नाटकातल्या मुंडगोडच्या वसाहतीतल्या, जन्म तिथलाच, 81 चा! पण घर वसाहतीतलंय, आरसी सोडायचं नाव काढल्यावर त्यांचे यजमान फोनवरच चिडले, बरोबर आहे म्हणा त्यांचं. सध्या मुंडगोडच्या ऑफिसला अर्ज लिहून देतोय. मार्कलिस्टची झेरॉक्स अटेस्टेड लागते का साधी चालेल?