सांगलीच्या उन्हाळ्यात ॲक्सोलॉटल जगेल का?

विश्रामबागवाला
नमस्कार मंडळी, माझ्या मुलीला ॲक्सोलॉटल (पाण्यातच राहणारा, पालीसारखा दिसणारा उभयचर) पाळायचाय, वर्षभर मागं लागलीय. तीन फुटी टाकी (३६ × १५ × १५ इंच) घरात पडूनच आहे, आधी गोल्डफिश होते त्यात. दुकानदार म्हणाला साध्या पाण्यात राहतो, काही लागत नाही, खाली रंगीत खडे टाका आणि दोन गोल्डफिश पण सोडा सोबत. मला काही हे पटेना. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला जातो, मग याचं काय होणार?

साताराकर_टाकीवाला
दादा, दुकानदाराचं काही ऐकू नका. हा मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को तलावाचा, थंड पाण्यातला. १६ ते १८ अंश त्याला मानवतं, २० पर्यंत ठीक, २४ च्या वर गेलं की खाणं सोडतो आणि कल्ल्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी धरते. माझा पहिला असाच गेला. मे महिना होता, मी बर्फाच्या बाटल्या सोडत होतो, सकाळी पाणी १९ आणि दुपारी २७, त्या चढउतारानंच तो खचला, अजून वाईट वाटतं. पंख्यानं दोन-चार अंश उतरतं, तेवढ्यावर सांगलीचा उन्हाळा निघत नाही. चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) घ्या आणि तो इन्व्हर्टरवर चालतो का ते आधी बघा. चिलरला बजेट नसेल तर प्राणी आणूच नका, हे मी मनापासून सांगतोय.

आणि खडे नकोतच, तो तोंड उघडून शेजारचं सगळं ओढून घेतो, खडा पोटात अडकला की संपलं. तळ मोकळा ठेवा नाहीतर एकदम बारीक वाळू. गोल्डफिश त्याचे कल्ले कुरतडतात, एकटाच राहू द्या. फिल्टर स्पंजचा घ्या. कल्ले सतत पुढं वळलेले दिसले तर प्रवाह जोरात आहे असं समजा.

मिरजेचा_मास्तर
टाकी आधी महिना-दीड महिना प्राणी न सोडता, पाणी भरून, थोडा अमोनिया घालून फिल्टरसकट चालवा, अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं) दोन्ही शून्य आलं की मगच आणा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हायपोनं (सोडियम थायोसल्फेट) मारा.

खायला गांडूळ उत्तम, पण गांडूळ खताच्या बेडमधली लाल गांडुळं कडू लागतात म्हणून बरेचदा थुंकून टाकतो. द्राक्षबागेतली तर अजिबात देऊ नका, तासगावकडं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारतात, त्यातलं तांबं उभयचरांना विष आहे. फवारा न लागलेल्या परसातली घ्या, धुऊन द्या.

आणखी एक, हा सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असा प्राणी घरात ठेवला तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

विश्रामबागवाला
मास्तर, दादा, खूप आभार. काल लेकीला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. बर्फाच्या बाटल्यांचं ऐकून ती गप्पच झाली, मग म्हणाली बाबा आधी चिलर आणू, तो नंतर. खडे काढून बादलीत टाकलेत, स्पंज फिल्टर आजपासून सुरू केलाय, थर्मामीटर लावलाय, आत्ता रात्री दहाला पाणी २८ दाखवतंय. तीन फुटी टाकीला किती ताकदीचा चिलर लागेल? पाणी साधारण ११५ लिटर भरतंय.

साताराकर_टाकीवाला
२८ वरून १७ ला उतरवायचंय म्हणजे ११ अंश, त्यामुळं डब्यावर लिहिलेल्या लिटरवर जाऊ नका, ते थंड खोली धरून लिहिलेलं असतं. दुप्पट क्षमतेचा बघा, आणि टाकी पश्चिमेच्या भिंतीला असेल तर आधी ती हलवा.

विश्रामबागवाला
पश्चिमेलाच आहे की हो. उद्या भावाला बोलवून हलवतो, पाणी काढूनच.