मदत हवी आहे: फँटसी हॉकीची फायनल बरोबरीत, विजेता कसा ठरवावा?

टोरांटोत आम्ही 10 मित्र एनएचएलची (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) फँटसी लीग खेळतो, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे आपापले काल्पनिक संघ करतो आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर हार-जीत ठरते. हेड-टू-हेड, म्हणजे दोघादोघांची लढत; गोलसारख्या 10 कॅटेगरी, प्रत्येकीत ज्याचा आकडा सरस त्याला ती मिळते. कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, मी आहे. फायनल 5-5 अशी सुटली आणि टायब्रेकर (बरोबरी सोडवायचा नियम) आम्ही आधी ठरवलाच नव्हता. दोघांचा हंगामातला रेकॉर्ड सारखाच, आपसातल्या लढतीही 1-1. एकजण म्हणतो, ज्याचे गोल जास्त तो जिंकला. मला ते पटत नाही, कारण शेवटच्या आठवड्यात प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) पक्कं झालेले एनएचएल संघ स्टार खेळाडूंना विश्रांती देतात. दुसऱ्याचे दोन मोठे स्कोअरर तसेच बसले. हंगामातले सगळे सामने संपलेत, त्यामुळे पुन्हा खेळवणं शक्य नाही. पैसे लावलेले नाहीत, पण ट्रॉफी एकच आहे आणि ती वाटून घ्यायला दोघंही तयार नाहीत. निकाल आधीच माहीत असताना कोणता टायब्रेकर लावला तर दोघांनाही न्याय्य वाटेल?