जुन्या बोटीचं इंजिन कसं तपासायचं? रविवारी टोकन द्यायचंय, लवकर सांगा

देवबागकर | शुक्रवार, रात्री ११:४०

मदत हवी आहे. एक जुनी फायबर बोट मिळतेय, इंजिनासकट. मालक म्हणतो इंजिन एक नंबर आहे, दोन वर्षांपूर्वी काम करून घेतलंय. माझ्यासमोर चालू करून दाखवलं, आवाज मला तरी चांगला वाटला. व्हिडिओ आहे पण इथे चढत नाहीये. इंजिन चांगलं की बाद हे ओळखायची सोपी युक्ती सांगा. किंमत जास्त सांगतोय का तेही सांगा. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. आणि कृपया 'मेकॅनिक घेऊन जा' असं कुणी लिहू नका, तेवढं मलाही कळतं.

निवांत | ११:५२

कोणतं इंजिन? किती हॉर्सपॉवर? टू-स्ट्रोक की फोर? मागे टांगलेलं की आतलं डिझेल? बोट केवढी, वापरणार कशाला? किंमत जास्त आहे का विचारताय आणि किंमतच लिहिली नाहीये.

देवबागकर | ११:५५

यामाहा.

निवांत | ११:५६

यामाहा पियानोही बनवते.

देवबागकर | शनिवार, सकाळी ७:१०

चिडू नका हो. ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, दोरी ओढून चालू होतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं म्हणाला, म्हणजे टू-स्ट्रोकच ना? बोट २२ फुटी, सगळं मिळून पावणेतीन लाख. आमचा देवबागला होमस्टे आहे, पाहुण्यांना डॉल्फिन आणि त्सुनामी आयलंड दाखवायला हवी. साल माहीत नाही, प्लेट पुसट झालीय.

सदाशिवपेठी | ७:३१

टू-स्ट्रोक घेऊच नका. धूर, आवाज, पेट्रोल पितं. पाहुणे डॉल्फिन बघायला येतात, धूर खायला नाही. थोडे पैसे घालून फोर-स्ट्रोक घ्या, आयुष्यभर बघायला नको.

दर्यावर्दी | ७:४८

सदाशिवपेठी, 'थोडे' पैसे म्हणजे किती ते एकदा शोरूमला विचारून या. आणि फोर-स्ट्रोक बिघडलं तर मालवणात ते खोलून बसवणारे किती जण आहेत तेही बघा. माझी दोन टू-स्ट्रोक मशीनं खाडीत रोज चालतात.

देवबागकर, पहिला प्रश्न. तुम्ही पोचलात तेव्हा इंजिनला हात लावून पाहिलात का? गार होतं की गरम?

देवबागकर | ७:५५

हात नाही लावला. आम्ही गेलो तेव्हा ते ड्रममध्ये लावून तयारच होतं. एका ओढीत चालू झालं.

आबा_मालवण | ८:०२

ड्रमात सगळीच इंजिना शाण्यासारखी चालतत रे! बोटीत सा माणसां बसव, दर्यात ने, आणि मग बग.

दर्यावर्दी | ८:२०

आबांनी एका ओळीत सांगितलं तेच मी जरा लांबवतो. गरम करून ठेवलेलं इंजिन एका ओढीत चालू होणारच. न कळवता सकाळी लवकर जा, हूडखाली हात घाला, गार असलं तरच पुढचं. गार इंजिनला चोक लावून तीन-चार ओढी लागल्या तर काही बिघडत नाही. दहा-बारा लागल्या तर लक्षात ठेवा.

मग दोन्ही प्लग काढा आणि कुठला वरचा, कुठला खालचा ते लिहून ठेवा. तपकिरी असले तर ठीक. काळे-ओले असले तर ऑइल जास्त किंवा कार्ब्युरेटर घाण. एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, बहुतेक हेड गॅसकेट. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर चंदेरी ठिपके दिसले तर पिस्टनचं अॅल्युमिनियम वितळून तिथे बसलंय, घरी या.

तिथेच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने मोजा. दोन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, किल स्विचची क्लिप काढलेली, प्लगच्या वायरी इंजिनच्या बॉडीला अर्थ केलेल्या (नाहीतर सीडीआय, म्हणजे ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जाईल आणि मालक तुमच्या गळ्यात पडेल). गेजचा काटा थांबेपर्यंत दोरी ओढा, पाच-सहा ओढी. आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरमध्ये फरक किती ते बघा, कारण प्रत्येक गेज वेगळा बोलतो. १० टक्क्यांच्या आत असेल तर चालेल.

खालच्या गिअरकेसचा तळाचा स्क्रू सैल करून थोडं ऑइल बोटावर घ्या. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, सील गेलंय. पंखा (प्रोपेलर) काढून मागे बघा, जाळ्याची तंगूस शाफ्टला गुंडाळून सील कापते. मी एकदा पंख्यामागून हातभर तंगूस काढली होती, मालक म्हणाला 'असं कसं झालं!'

ह्यूस्टनची_मंजू | ८:४१

आमच्याकडे गॅल्व्हेस्टनला सर्व्हेअर लावल्याशिवाय कुणी जुनी बोट घेत नाही. लॅपटॉप जोडला की इंजिन किती तास, कुठल्या आरपीएमला चाललंय ते सगळं समोर येतं. तेच करा, वाद मिटतो.

निवांत | ८:४५

मंजूताई, कार्ब्युरेटरचं, दोरीचं इंजिन आहे. त्यात लॅपटॉप जोडायला जागा नाही, डबा ठेवायला आहे.

ह्यूस्टनची_मंजू | ८:४७

हो का, फोर-स्ट्रोक समजून लिहिलं. चालू द्या. देवबागला गेल्यावर मासे कुठे छान मिळतात?

सदाशिवपेठी | ९:०५

म्हणूनच म्हणतोय फोर-स्ट्रोक. आणि आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आलंय, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटर सगळं खराब होणार.

आबा_मालवण | ९:१२

इथेनॉल फोर-स्ट्रोकात पाणी ओढत नाय काय? दर शनिवारी टाकी रिकामी करूक आळस करतंस तो तुजो दोष. माजा मशीन चलताच आसा.

कागदपत्रे | ९:३०

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. प्रवासी बसवणार असाल तर महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाची नोंदणी, सर्व्हे आणि परवाना आधी बघा. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यापासून कागदांकडे जास्त लक्ष आहे. इंजिनची प्लेट पुसट आहे म्हणताय, ही मोठी गोष्ट आहे. नंबर कागदाशी जुळत नसेल तर इंजिन कुणाचं? आणि लाइफ जॅकेट माणसागणिक हवीत.

निवांत | ९:३६

पुसट प्लेटवरून आठवलं. २०२१ च्या तौक्तेत कोकणात बऱ्याच बोटी बुडाल्या होत्या. समुद्रात बुडून वर आलेलं इंजिन रंग मारून विकलेलं मी पाहिलंय. फ्लायव्हीलचं कव्हर काढा, आतल्या स्टेटरच्या कॉइलवर पांढरा मिठाचा थर आणि गंजलेले बोल्ट दिसतात का बघा. नवा रंग बाहेर, गंज आत, अशी गंमत असते.

देवबागकर | ९:५०

इतकं सगळं मालक करू देईल का? आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार चांगली येत होती, हे कुणीच विचारलं नाही.

दर्यावर्दी | १०:१५

धार चांगली म्हणजे पंप चालतोय, एवढंच. आत पाण्याच्या रस्त्यात मीठ साचलंय का ते धार सांगत नाही. थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान सांभाळणारी झडप) आहे का विचारा. खाऱ्या पाण्यात इंजिन तापायला लागलं की लोक तो काढून फेकतात, मग अलार्म वाजत नाही आणि सगळे खुश.

करू दिलं नाही तर तेच उत्तर समजा. आणि आबा म्हणतात तसं समुद्रात सहा माणसं बसवून फुल थ्रॉटल घ्या. ४० च्या या मशीनला ४५०० ते ५५०० आरपीएम यायला हवेत. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅको (आरपीएम मोजणारं यंत्र) मिळतो, तो घेऊन जा. इंजिन टांगलेली मागची फळी पण बघा, इंजिन टिल्ट करून खालून हलवा. फळी हलली तर आतलं प्लायवूड कुजलंय.

देवबागकर | रविवार, दुपारी १:२५

गेलो. गार होतं, सात ओढींत चालू झालं. गिअर ऑइल स्वच्छ. फळी टणक. कॉम्प्रेशन वरच्या सिलिंडरला १२२, खालच्याला ८८. खालच्या प्लगवर ठिपके आहेत की घाण, मला कळत नाही. थर्मोस्टॅट 'खाऱ्या पाण्यात लागत नाही' म्हणून काढलाय. दोघांना घेऊन ४८०० आरपीएम आले, सहा जणांना घेऊन ३९०० आणि बोट नाक वर करूनच राहिली.

निवांत | १:३१

पंख्याची पिच (एका फेऱ्यात तो किती पुढे जातो ते) जास्त असेल. एक इंच पिच कमी केली तर दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात.

दर्यावर्दी | १:३८

अहो, ३४ पौंडांचा फरक आहे, जवळजवळ २८ टक्के! तो पंख्याचा दोष नाही. देवबागकर, खालच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत गेज लावला का?

देवबागकर | १:४६

मेकॅनिकच्या सांगण्यावरून केलं. १०८ झालं.

आबा_मालवण | १:५०

म्हणजे मेकॅनिक घेवन गेल्लंस!

दर्यावर्दी | १:५८

ऑइलने आकडा चढला म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय. मग एकच प्रश्न उरतो. दोन वर्षांपूर्वीच्या कामाचं बिल आहे का, आणि बोअर घासून मोठा केल्यावर पिस्टन कुठल्या ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा किती मोठा) टाकला होता?

देवबागकर | २:०९

बिल दाखवलं. ०.५० लिहिलंय.

दर्यावर्दी | २:१४

०.५० म्हणजे शेवटचा ओव्हरसाइज. मग परत बोअर करायला जागाच उरलेली नाही, स्लीव्ह (सिलिंडरमध्ये नवी नळी) टाकावी लागेल. हे इंजिन भंगाराच्या भावानेच धरा आणि बोटीच्या सांगाड्याचे पैसे बोला. नाहीतर उठून या.

सदाशिवपेठी | २:१६

फोर-स्ट्रोक म्हटलं होतं.

देवबागकर | २:४०

अडचण अशी आहे की माझ्या चुलत भावाने गुरुवारीच २० हजार टोकन दिलंय. ते परत मिळतं का?

निवांत | २:४१

गुरुवारी?! तुम्ही धागा शुक्रवारी काढला!

कागदपत्रे | २:५५

पावती घेतली का? त्यावर इंजिनबद्दल काय लिहिलंय? फोटो टाका, मागचा-पुढचा दोन्ही.