उशी, चेंडू आणि आजोबा

फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपमध्ये फाइली भरण्यातच दिवस संपतो, रुग्णांशी बोलण्यातला आनंद केवळ ऐकण्यापुरता, असे कुणीतरी म्हटलेले वाचले. फाइलींबद्दल दुमत नाही. आनंदाबद्दल मात्र माझा अनुभव निराळा आहे.

फिजिओथेरपीच्या साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमातील शेवटच्या सहा महिन्यांत माझी पाळी हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात लागली, तेव्हा बायपास झालेले एक आजोबा व्यायामाचे नावही काढू देत नव्हते. छातीचे हाड मधोमध कापून तारेने बांधलेले असल्यामुळे खोकताना ते उसवेल, ही भीती साहजिकच होती. खोकून कफ बाहेर काढला नाही आणि तो साचला तर न्यूमोनियाचा धोका वाढतो, हे मी पाठ केल्यासारखे सांगत राहिले. त्यांनी शांतपणे विचारले, "पोरी, तू जेवलीस का?" मी जेवले नव्हते. मग दहा मिनिटे त्यांच्या उसाविषयी आणि थकलेल्या बिलाविषयी बोलणे झाले, आणि त्यानंतर उशी छातीशी घट्ट धरून ते स्वतःहून खोकले.

श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणात तीन चेंडू असतात; ते वर उचलले जाण्यासाठी सेकंदाला अनुक्रमे ६००, ९०० आणि १२०० मिलिलिटर वेगाने श्वास आत ओढावा लागतो. चौथ्या दिवशी दुसरा चेंडू क्षणभर उडाला, तेव्हा आजोबांनी शेजारच्या खाटेवरील रुग्णाला हाक मारून तो पुन्हा उडवून दाखवला. खरे तर चेंडू किती उडाले यापेक्षा ते किती वेळ वर टिकले याला अधिक महत्त्व असते; पण हे त्या क्षणी सांगण्याचा अरसिकपणा मी केला नाही.