प्राचीन इस्राएलात घरोघरी बैलगाडी होती? मला नाही पटत

खोगीर

बायबलच्या सचित्र पुस्तकांत इस्राएली खेडं काढलं की एका कोपऱ्यात बैलगाडी उभी असतेच. गाडी त्यांना माहीत नव्हती असं मी म्हणत नाही. हिब्रूत तिला 'अगाला' असा चांगला रुळलेला शब्द आहे. पण यहूदा आणि एफ्राइमच्या डोंगरी गावांत ती रोजच्या वापरातली वस्तू असणं गणितात बसत नाही.

मध्यम चणीची बैलजोडी घ्या, दोघांचं मिळून ७५० किलो. दिवसभर टिकणारी ओढ वजनाच्या साधारण दहा टक्के, म्हणजे ७५ किलो. कडक मातीच्या सपाट वाटेवर लाकडी चाकाला एकूण वजनाच्या पाचेक टक्के ओढ लागते. म्हणजे जोडी दीड टन हलवते; गाडीचे स्वतःचे ३०० किलो वजा केले तरी १२०० किलो माल जातो. झकास. आता दहा मीटरला एक मीटर चढ द्या. ओढ पंधरा टक्क्यांवर गेली, एकूण वजन ५०० किलोवर आलं आणि माल उरला २०० किलो. एक गाढव ७०-७५ किलो सहज नेतं. म्हणजे दोन बैल, एक गाडी आणि रुंद वाट एवढं सगळं लावून काम झालं तीन गाढवांचं! गाढवाला पायवाट पुरते, ते काटक्या-कुटक्या खातं आणि त्याचा कणा मोडला म्हणून कोणी सुताराकडे धावत नाही.

ग्रंथही हेच सांगतो. अबीगईल नावाची श्रीमंत घरची बाई दावीदाला २०० भाकरी, द्राक्षारसाचे बुधले, सोललेली मेंढरं पाठवते ती गाढवांवर. नहेम्याच्या काळात यरुशलेमेत शब्बाथाला धान्य येतं ते गाढवांवर लादून. शलमोन राजाच्या मंदिराच्या बांधकामाला ७०,००० ओझीवाले सांगितले आहेत. लबानोनचं लाकूड तराफे करून समुद्रमार्गे याफोपर्यंत आलं, तिथून वर यरुशलेमला. या सगळ्या वर्णनात 'अगाला' एकदाही नाही.

तुंबा_आरे

गणित बरोबर, पण चुकीच्या कामाचं. तुम्ही गाडीला मालवाहतूक कंपनी समजून चढावर घातलीत. शेतकऱ्याची गाडी मुख्यतः शेत ते खळं एवढंच चालते. अर्धा-एक किलोमीटर, वर्षातले काही आठवडे. पेंढ्या वजनाला हलक्या पण आकाराने अवाढव्य, तिथे गाढवाची पाठ अपुरी पडते. आणि दहा टक्के ही दिवसभराची ओढ झाली. पन्नास पावलांच्या चढाला बैल त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर लावतो, मग थांबून दम खातो. शिवाय चढाला पुढे आणखी एक जोडी जुंपायची रीत कुठल्याही गाडीवानाला शिकवावी लागत नाही. मिसरमधल्या (इजिप्त) मेदीनेत हाबू मंदिराच्या भिंतीवर फारो रामसेस तिसऱ्याने समुद्री टोळ्यांशी केलेली लढाई कोरली आहे, इ.स.पू. ११७५ च्या आसपासची. त्यातल्या भरीव चाकांच्या गाड्यांना चार-चार बैल एका रांगेत जुंपलेत. आणि बैल वशिंडाचे आहेत बरं का.

आता बायबलची वचनं. आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकात २:१३ मध्ये पेंढ्यांनी भरलेल्या गाडीची उपमा आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात ५:१८ मध्ये लोक पाप 'गाडीच्या दोरांनी' ओढतात. यशया २८ मध्ये जिऱ्यावरून गाडीचं चाक फिरवत नाहीत, जिरं काठीने झोडपतात. उपमा ऐकणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसावी म्हणून देतात. ज्याच्या गावात गाडी नाही त्याला गाडीचा दोर काय कळणार?

खोगीर

उपमा चालायला वस्तू पाहिलेली असावी लागते, दारात असावी लागत नाही. आणि आमोस कुठला आणि बोलला कुठे, ते बघा. गाव तकोवा, वाळवंटाच्या काठावरचं. पण बोल सुनावतोय उत्तरेच्या राज्याला. उत्तरेकडे इज्रेलचं सपाट खोरं आहे, तिथे पेंढ्यांच्या गाड्या असणारच. खोऱ्यातल्या गाड्यांना माझा विरोध नाहीच, माझं भांडण डोंगराशी आहे.

यशया २८ चं म्हणाल तर ते मळणीचं चाक आहे. खळ्यावर गोल फिरणाऱ्या चाकावरून माल वाहणारी गाडी सिद्ध करणं म्हणजे तेलघाण्याच्या बैलावरून हमरस्ता सिद्ध करण्यासारखं.

पोथीवाला

तुमचं भांडण चालू द्या, पण बायबलातल्या 'गणना' पुस्तकाचा ७ वा अध्याय कोणीच काढला नाही याचं नवल वाटतं. गाडी, बैल आणि ओझं यांचा चोख हिशेब बायबलात तिथेच आहे. रानात फिरताना इस्राएली देवाचा तंबू, म्हणजे निवासमंडप, सोबत नेत. त्याच्या सामानासाठी सरदारांनी ६ झाकलेल्या गाड्या आणि १२ बैल दिले. सामान वाहणाऱ्या लेवी वंशाच्या तीन घराण्यांपैकी मोशेने २ गाड्या व ४ बैल गेर्षोनी घराण्याला दिले, त्यांच्याकडे पडदे आणि कनाती. मरारी घराण्याला ४ गाड्या व ८ बैल, कारण फळ्या, अडसर, खांब आणि बैठका त्यांच्याकडे. कहाथींना काहीच नाही, पवित्र वस्तू खांद्यावरून न्यायच्या. म्हणजे जड सामानाला दुप्पट गाड्या. लिहिणाऱ्याला गाडीची क्षमता नेमकी ठाऊक होती.

खोगीर

ठाऊक होती? मग मरारींचा माल चढवून बघू.

फळ्यांच्या चांदीच्या बैठका १००, प्रत्येकी एक किक्कार. किक्कार म्हणजे ३००० शेकेल, शेकेल साधारण ११.४ ग्रॅम, म्हणजे एक बैठक ३४ किलो. शंभर बैठकांचे ३.४ टन झाले. फळ्या ४८, प्रत्येक १० हात लांब, दीड हात रुंद. हात ४५ सेंटिमीटरचा धरला तर ४.५ मीटर बाय ६७ सेंटिमीटर. जाडी ग्रंथात दिलेलीच नाही. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस चार बोटं सांगतो, म्हणजे साडेसात सेंटिमीटर. लाकूड बाभळीच्या जातीचं, आपल्याकडे गाड्या करतात तसलंच चिवट आणि जड. घनमीटरला ७०० किलो धरले तरी एक फळी १६० किलोची, ४८ फळ्यांचे साडेसात टन. बैठका आणि फळ्या मिळून ११ टन, गाड्या चार. अंगणाचे ६० खांब आणि त्यांच्या बैठका अजून खालीच पडल्यात, आणि एका गाडीवर पावणेतीन टन झालेसुद्धा. ओढायला एकेक जोडी, तीही रानातल्या रेतीतून. रेतीत ओढ वीस टक्क्यांवर जाते, तिथे जोडीला गाडीसकट ३७५ किलो झेपतात.

तालमूद या यहूदी धर्मग्रंथातल्या एका मताप्रमाणे फळीची जाडी बुडाशी हातभर होती. तो हिशेब मी करतच नाही, बैलांची दया येते.

पोथीवाला

हे गणित फळी भरीव धरून आहे. मूळ शब्द 'केरेश'. त्याचा अर्थ सलग फळी असा न घेता चौकट घ्यावा, दोन उभे दांडे आणि मध्ये आडव्या पट्ट्या, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. काही भाषांतरांत 'चौकटी' असंच छापलं आहे. प्रत्येक केरेशला खाली दोन कुसं आणि दोन बैठका सांगितल्यात, हे दोन दांड्यांच्या चौकटीला नेमकं जुळतं. ४८ गुणिले २ म्हणजे ९६, वर पडद्याच्या चार खांबांच्या ४, झाल्या १००. शिवाय दीड हात रुंदीची सलग फळी त्या भागातल्या बाभळीतून काढायची तर तेवढं सरळ आणि जाड खोड आणायचं कुठून? चौकट धरली की लाकडाचं वजन निम्म्याहून खाली येतं.

खोगीर

बरं, लाकूड दोन टन करा. बैठकांची चांदी तर चौकटीची होत नाही ना? साडेपाच टन भागिले चार, जवळपास १४०० किलो. रेतीत तरीही नाही. फारो रामसेस चौथ्याच्या, मिसरच्या वाळवंटातल्या वादी हम्मामातच्या लेखात खाणीच्या मोहिमेला १० गाड्या लिहिल्यात, आणि प्रत्येक गाडीला बैलांच्या सहा जोड्या. सहा! वाळवंटातून खरीखुरी वाहतूक करणारे असे जुंपतात. गणना ७ हा मला वाटणीचा धार्मिक तक्ता वाटतो, गाडीवानाची नोंद नाही.

तुंबा_आरे

ही सहा जोड्यांची नोंद माझ्या बाजूची आहे, धन्यवाद. जोड्या वाढवता येतात एवढंच तर मी म्हणत होतो.

आता डोंगरातल्या गाडीचा प्रत्यक्ष दाखला घ्या. २ शमुवेल ६. दावीद राजा कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी) नव्या गाडीवर घालून किर्याथ-यारीमकडून यरुशलेमला नेतो, १२-१३ किलोमीटर, सगळा डोंगर. अह्यो पुढे, उज्जा कोशाजवळ. गाडी निघाली, बरीच वाट चालली. मग वाट नव्हती कसं म्हणता?

खोगीर

आणि पोचली का? नाखोनच्या खळ्यापाशी बैल अडखळले, उज्जाने हात लावला, मेला. तीन महिने कोश ओबेद-अदोमच्या घरी. नंतर नेला तो खांद्यावर. डोंगरात गाडी घालू नये याचा याहून चांगला दाखला मलाही सापडला नसता.

तुंबा_आरे

त्या जागेकडे नीट बघा, दोष गाडीचा कमी आणि खळ्याचा जास्त आहे. डोंगरी खळं म्हणजे वाऱ्यावरचा उघडा, सपाट खडक, मळणीने घासून गुळगुळीत झालेला. खूर तिथे घसरणारच. गाडी दोनचाकी धरली (ग्रंथ चाकं सांगत नाही) तर पुढचं असं होतं: एक बैल गुडघ्यावर आला की जू त्या बाजूला खाली जातं, धुरी कलते, साटीचं तोंड खाली झुकतं. कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, वर सोन्याचं जड झाकण. असलं ओझं साटीवर उंच बसतं आणि पुढे घसरतं. कडेने चालणाऱ्याचा हात आपोआपच जातो. बांधलेलं ओझं असतं तर गाडी कलली असती, कोश हलला नसता. चूक असलीच तर भरणाऱ्याची.

पोथीवाला

चूक भरणाऱ्याची नव्हे, भरण्याचीच. आत्ताच सांगितलं, कहाथींना गाडी दिलेलीच नाही. कोशाला दांडे होते, ते खांद्यासाठीच. दावीदाने रीत उचलली पलिष्ट्यांची, म्हणजे किनारपट्टीवरच्या शत्रूंची.

खोगीर

पलिष्ट्यांचा विषय निघालाच आहे तर १ शमुवेल ६ घ्या. त्यात सगळा उतार-चढावाचा हिशेब आहे. लढाईत हिसकावलेला कोश परत पाठवायला पलिष्टी नवी गाडी करतात, कधी जू न लागलेल्या दोन दुभत्या गाई जुंपतात, वासरं घरी कोंडतात. गाई हंबरत एक्रोनहून बेथ-शेमेशला जातात, डावीकडे नाही की उजवीकडे नाही. एक्रोन म्हणजे तेल मिकने, हे तिथे १९९६ मध्ये मिळालेल्या शिलालेखाने पक्कं झालं. तिथून बेथ-शेमेश १२-१३ किलोमीटर, वाट सोरेक खोऱ्याची, सगळी चढण मिळून दीडेकशे मीटर. म्हणजे शंभराला सव्वा. न शिकवलेल्या गाईसुद्धा ओढतील.

बेथ-शेमेशला लोक काय करतात? गाडी फोडतात आणि त्या लाकडावर गाईंचा होम करतात. मग किर्याथ-यारीमच्या लोकांना निरोप जातो, 'खाली या आणि कोश वर न्या.' पुढची चढण ५०० मीटरची, आणि तिथे गाडीचा उल्लेख नाही. सपाटीचं वाहन डोंगराच्या पायथ्याशी सरपण झालं.

तुंबा_आरे

वाक्य छान जमलंय, पण उल्लेख नाही म्हणजे गाडी नाही, हे तुमचं नेहमीचं.

१ राजे ७ वाचा. मंदिराच्या दहा पितळी चौरंगांची चाकं दीड हाताची, 'रथाच्या चाकासारखी'. आणि तिथे कणा, पुठ्ठे, आरे, तुंबा या चारही भागांना वेगळे हिब्रू शब्द आहेत. ज्या भाषेत चाकाचे चार भाग चार शब्दांनी सांगतात, तिथे चाक करणारे होते.

खोगीर

राजाच्या रथशाळेत होते, नाही कोण म्हणतं? मिसरचा एक रथ ६०० शेकेलला आणि घोडा १५० ला, हा भाव त्याच पुस्तकात आहे. आणि ते चौरंग ओतणारा कारागीर सोर या फिनिशियन शहरातून आणलेला. गावच्या सुताराचा यात संबंध काय?

पोथीवाला

खोगीर यांच्या बाजूने एक. उत्पत्ति ४५ मध्ये मिसरात गेलेला मुलगा योसेफ जिवंत आहे यावर याकोबाचा विश्वास बसत नाही. योसेफाने पाठवलेल्या गाड्या दिसतात तेव्हा त्याच्या जिवात जीव येतो. दारोदारी गाड्या असत्या तर त्या बघून खात्री कशी पटली असती?

आणि एक विरुद्ध. मिसरी भाषेतला गाडीचा शब्द सेमिटिक 'अगाला'वरूनच उचललेला आहे, कॉप्टिकपर्यंत, म्हणजे मिसरीच्या शेवटच्या रूपापर्यंत, टिकला. म्हणजे बैलगाडीचं नाव कनानच्या बाजूने नाईलला गेलं.

तुंबा_आरे

हे घ्या! आणि यहूदाचं लाखीश शहर राहिलंच. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीबाने ते जिंकलं आणि निनवेच्या राजवाड्यात भिंतभर कोरून घेतलं. ते कोरीव दगडी पाट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हद्दपार होणारी यहूदी कुटुंबं त्यात चाललीत. बैल जुंपलेली, आऱ्यांच्या चाकांची दोनचाकी गाडी, गाठोड्यांवर बायका-मुलं, सोबत चालणारा पुरुष. रथशाळा नाही, राजा नाही. घरचा संसार घरच्या गाडीवर. आणि आऱ्यांचं चाक तीन फळ्या जोडून होत नाही. तुंब्याला भोकं, पुठ्ठ्यांना गोलाई, सांध्यांची पकड, सगळं लागतं. ते उन्हाळ्यात वाळून खिळखिळं झालं की परत ठोकणारा सुतार जवळपास असावाच लागतो.

खोगीर

लाखीश मान्य. सुतारही मान्य, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण लाखीश शेफेलात, म्हणजे डोंगर आणि किनारपट्टी यांमधल्या टेकड्यांच्या पट्ट्यात येतं, समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर, टेकड्यांमधून रुंद खोरी किनारपट्टीकडे उघडणारी. त्या पाटावरची गाडी हेब्रोनला चढवून दाखवा, मग घरोघरी म्हणा.

तुंबा_आरे

हेब्रोनला पुढे दुसरी जोडी लावून.

खोगीर

आणि उतरताना? जुवाच्या गाडीला मागून धरणारं काही नसतं, सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. मागे ओंडका बांधा किंवा चाक दोराने जखडा. जखडलं की लाकडी पुठ्ठा एकाच जागी खडकावर घासतो, वर लोखंडी धाव नाही. अशा किती उतरणींना चाक गोल राहील, तेवढं सांगा.