स्टॉलवर झाड लावायचं तर जिवंतच लावा

माती_आणि_मांडव
व्यापारी प्रदर्शनांत हल्ली जिकडेतिकडे हिरव्या भिंती दिसतात आणि त्यातल्या बहुतेक प्लॅस्टिकच्या असतात. माझं म्हणणं सरळ आहे. झाड लावायचं तर जिवंत लावा, जमत नसेल तर ती जागा मोकळी सोडा. स्टॉलवर आलेला माणूस गप्पा मारता मारता पानाला हात लावतोच. बोटांना पॉलिएस्टर लागलं की शेजारच्या फलकावरच्या 'निसर्गस्नेही' या शब्दावर तो कशाला विश्वास ठेवेल? यंत्रं विकणाऱ्यांचं एक वेळ सोडून देऊ, पण पर्यावरणाच्या नावावर माल विकणारेही हेच करतात याचा मला मनापासून राग येतो. मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी ही कमी उजेडात तग धरणारी झाडं आहेत. प्रदर्शनाचे चार दिवस त्यांना काहीच जड नाहीत.

रात्रपाळी_फॅब्रिकेटर
झाडाला चार दिवस जड नसतील, हॉल जड जातो. आम्ही फॅब्रिकेटर स्टॉल उभारतो तेव्हा ट्रकसाठी मोठी दारं सताड उघडी असतात. वारा, लाकडाचा भुसा, रंगाचा वास, सगळं झाडांवर. उद्घाटनानंतर एसीचा कोरडा झोत. फर्नच्या कडा बघता बघता करपतात. फायकस तर नुसती जागा बदलली तरी पानं गाळतो. रात्री बऱ्याच हॉलमध्ये स्टॉलची वीज तोडतात. चोवीस तासांची जोडणी वेगळी मागितली नसेल तर जिवंत भिंतीतल्या झाडांना पाणी देणारा पंप सकाळपर्यंत बंद. वजनाचं तर बोलायलाच नको. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात भिजलेली माती. तेवढं छताला टांगायची परवानगी कोण देणार?

आणि शेवटच्या संध्याकाळी कधी थांबून बघा. मोडणी सुरू झाली की झाडं थेट कचऱ्याच्या कंटेनरमध्ये जातात. माझ्याकडची नकली पानं खोक्यात भरली जातात आणि पुढच्या स्टॉलवर पुन्हा लागतात. यातलं निसर्गस्नेही कोणतं, तुम्हीच सांगा.

माती_आणि_मांडव
फेकली जातात कारण विकत घेतलेली असतात आणि नंतर ती कुणाचीच नसतात. भाड्याने घ्या, प्रश्न मिटतो. तुमच्या नकली पानांचंही पुढे काय होतं? रंग उडाला, देठ वाकले की त्यांनाही तोच कंटेनर. फरक एवढाच की ती कुजत नाहीत.

कुंडी_भाड्याने
भाड्याचं काम आम्ही करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. उन्हात वाढलेलं झाड उचलून थेट हॉलमध्ये ठेवलं तर ते रुसणारच. आधी काही आठवडे सावलीत ठेवून त्याला कमी उजेडाची सवय लावावी लागते. झाड नर्सरीच्या कुंडीतच राहतं. ती कुंडी शोभेच्या प्लँटरमध्ये उतरवायची, खाली पाण्याची तबकडी, वरून सालीचे तुकडे किंवा भाजक्या मातीचे गोळे. म्हणजे अख्खा प्लँटर मातीने भरावा लागत नाही आणि वजन आटोक्यात राहतं. गालिचा अंथरून झाल्यावर सगळ्यांत शेवटी झाडं आणायची. एसीच्या झोताखाली एकही नको. फायकस आम्ही देतच नाही. इतकं पाळलं तर झाड परत येतं, विश्रांती घेतं आणि पुढच्या प्रदर्शनाला जातं.

एक मात्र खरं, जिवंत भिंत ही वेगळी गोष्ट आहे. छोट्या स्टॉलवर तिचा हट्ट करू नये असंच मी सांगेन.

आग_आधी_बघा
दोन्ही बाजूंनी आगीबद्दल अवाक्षर नाही, म्हणून लिहितोय. नकली झाडांना अग्निरोधक प्रमाणपत्र लागतं. युरोपात ईएन १३५०१-१ हे मानक, जर्मनीत डीआयएन ४१०२ मधला बी१ (सहज पेट न घेणारा) वर्गही चालतो, अमेरिकेत सजावटीच्या कापडांसाठी एनएफपीए ७०१. काही पानांच्या मूळ प्लॅस्टिकमध्येच अग्निरोधक द्रव्य मिसळलेलं असतं, काहींवर नुसता फवारा मारलेला असतो. फवारा हाताळणीत आणि धुण्यात उतरतो. तेव्हा रात्रपाळीदादा, खोक्यातून पुन्हा काढलेल्या पानांचं जुनं प्रमाणपत्र आज खरं आहे का, हे तपासलंत का?

खऱ्या झाडांनाही सूट नाही. जर्मनीतल्या अनेक प्रदर्शन केंद्रांत झाडं ताजी आणि मुळांशी ओली असतील तरच चालतात. वाळलेलं गवत, बोरू, पेंढा यांना 'नैसर्गिक' म्हणून कुणी आत घेत नाही, आणि घेऊही नये.

रात्रपाळी_फॅब्रिकेटर
प्रश्न रास्त आहे. आम्ही मूळ द्रव्यातच अग्निरोधक असलेला माल घेतो, म्हणून तर तो महाग पडतो. परदेशी प्रदर्शनांचंही बोला. झाड सीमेपार न्यायचं तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, म्हणजे झाडाला कीड-रोग नसल्याचा दाखला, लागतं. युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या जवळपास सगळ्याच झाडांना ते सक्तीचं केलंय.

कुंडी_भाड्याने
झाडं सीमेपार न्यायचीच कशाला? तिथली भाड्याने घ्या.

रेषा_आणि_रंग
मी डिझाइन करते. हात पोचतो तिथे खरी झाडं, डोक्यावर टांगलेली नकली. भिंतीसाठी ग्लिसरीन मुरवून टिकवलेलं मॉस, म्हणजे शेवाळ. त्याला पाणी नको, उजेड नको. हवा फार कोरडी झाली तर ते कडक होतं, दमट हवेत पुन्हा मऊ पडतं. शिवाय खरी झाडं हवाही शुद्ध करतात.

माती_आणि_मांडव
मी खऱ्या झाडांच्या बाजूची आहे, तरी हे शेवटचं वाक्य कृपा करून ग्राहकाला सांगू नका. या दाव्यामागचा नासाचा १९८९ चा अभ्यास बंद पेट्यांमधला होता. २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. इमारतीत एरवी जेवढी हवा खेळते तेवढाच परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यात निघालं. दारं उघडी असलेल्या हॉलमध्ये चार कुंड्या काय करणार? झाड सुंदर आहे, जिवंत आहे, एवढं पुरेसं आहे.

तुमची वाटणी मला अजूनही पटत नाही. खाली खरं ठेवून वरचंही खरंच आहे असं भासवायचं, हे मला चालणार नाही. वर कापडी पट्ट्या टांगा, लाकूड टांगा, पान नको.

रेषा_आणि_रंग
हवेचा मुद्दा मान्य, प्रस्तावातून ते वाक्य काढते. वरची पानं मात्र राहणार. त्यांची सावली खालच्या टेबलावर पडते, ती कापडी पट्टीने येत नाही.

रात्रपाळी_फॅब्रिकेटर
कुंडीवाले, एवढंच सांगा, मोडणीच्या रात्री झाडं कधी उचलता? आमच्या फोर्कलिफ्ट फिरायला लागल्या की कुंडी वाचत नाही.

कुंडी_भाड्याने
पाहुणे बाहेर पडले की आमची माणसं हातगाड्या घेऊन लगेच आत येतात, तुमचा पहिला स्क्रू निघायच्या आधी. पण तेवढा वेळ देईन असं फॅब्रिकेटरने करारात लिहून द्यायला हवं. द्याल?

रात्रपाळी_फॅब्रिकेटर
अर्धा तास देतो. भिंत नकलीच राहील.